दुरुस्त करू का?

आमचे हे बिघडलेल्या डिस्क दुरुस्त करतात. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, त्यामुळे स्वयंपाकघरात मला सगळं ऐकू येतं. कान काय बंद करून ठेवू? डिस्क तपासायचा यांच्याकडे एक जुना प्रोग्राम आहे, लेकीच्या जन्माच्याही आधीचा. त्यावर यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव! लेक हेच काम शिकून आता शेजारच्या टेबलावर बसते. ती कानीकपाळी ओरडायची, "बाबा, हल्लीच्या डिस्क त्याला समजत नाहीत. नव्या सिस्टिमवर नका चालवू, दुरुस्तीच्या नावाखाली आहे तेही पुसून टाकेल." हे म्हणायचे, "जुनं ते सोनं." झालं! बापलेकीचा अबोला सुरू.

अशाच एका अबोल्यात फोटोग्राफर धावत आला. चेहरा पांढराफटक. एका लग्नाचे सगळे फोटो डिस्कवर, कॅमेऱ्याची कार्डं पुसून हा मोकळा, आणि आता डिस्क उघडेना. "काका, नवरीच्या आईला कुठल्या तोंडाने सांगू?"

यांनी डिस्क आपल्या वायरने जोडली आणि ऐटीत थेट जुना प्रोग्राम चालू केला. कॉम्प्युटरने बजावलं, हा प्रोग्राम या सिस्टिमसाठी नाही. हे ऐकतील तर शपथ! पडद्यावर लाल अक्षरं आली: डिस्कवर काहीच धड नाही. दुरुस्त करू का? फोटोग्राफर मटकन खाली बसला. यांचं बोट 'हो'वर. मी चहा घेऊन दारात थिजले, लेकीने तर डोळेच मिटले.

पण यांची नजर डिस्कवरच्या लेबलावर गेली. केवढी मोठी डिस्क, आणि पडद्यावर प्रोग्राम तिची पाव जागाही दाखवत नव्हता. यांनी बोट उचललं. 'नाही' दाबलं, खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "तू बस गं इथे. मला यातलं कळेनासं झालंय."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. डोळे भरून आले हो माझे!

लेकीने प्रोग्राम बंद केला आणि डिस्क नुसती उघडली. नवरा, नवरी, झाडून सगळे पाहुणे जागच्या जागी! बिघडली होती ती फोटोग्राफरची वायर.

"काका, तुम्ही 'हो' दाबलं असतं तर?"

"तर त्या दोघांना पुन्हा बोहल्यावर चढवलं असतं," हे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने हेच हसले.

तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक डिस्क घेऊन आलं आणि सवयीने यांच्याकडे वळलं.

"मला काय दाखवता?" हे म्हणाले. "मॅडम बसल्यात ना समोर."