ओळखीच्या माणसाला पावती

मंठाळच्या श्रीपतरावांना एक खोड होती. त्यांच्या गोदामात कुणाची किती पोती आहेत, हे ते कधी लिहून ठेवत नसत. सगळा हिशेब डोक्यात. कुणी विचारलंच तर कपाळावर बोट टेकवून म्हणायचे, "हितं हाय की." आणि खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत कुणाचं एक पोतं इकडचं तिकडं झालं नाही. माणूस बोलायला तिखट, पण पोटात माया. सोजराबाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांना घरची किल्ली कुठं ठेवली ते आठवत न्हाई, गावाची तूर मातर बरी आठवती."

मुलानं, शिवशंकरनं, गोदामाची सरकारी नोंदणी करायचं काढलं तेव्हा म्हातारा भडकलाच. नोंदणी झालेल्या गोदामातल्या मालावर बँक कर्ज देते, म्हणजे शेतकऱ्याला ऐन सुगीत पडत्या भावानं तूर विकावी लागत नाही, हे त्यांना पटत होतं. नोंदणी नसली तर लोक माल घेऊन दुसरीकडं जातील आणि गोदाम ओस पडेल, हेही कळत होतं. पण एकेक अट ऐकली की डोकं फिरायचं. थप्पी भिंतीपासून लांब हवी, खाली लाकडी फळ्या हव्यात, विमा हवा, दाराशी वाळूच्या लाल बादल्या हव्यात. "आग लागायला हितं कोण विडी वढायलंय?" असं म्हणाले खरे, आणि खिशातून डोकावणारं विडीचं बंडल हळूच आत ढकललं. कुरकुर करत का होईना, सगळं केलं त्यांनी.

तपासणीला बीदरहून सुधारानी मॅडम आल्या. फळ्या बघितल्या, बादल्या बघितल्या, मान डोलावली. मग कोपऱ्यातल्या ज्वारीच्या दोन थप्प्यांपैकी एकीपाशी थांबल्या.

"ही कुणाची?"

"इरप्पाची."

"पावती?"

"इरप्पाची हाय म्हणलं की, मॅडम."

मॅडमना हसू आलं, पण त्या काही हटल्या नाहीत. माल ठेवणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र, फोटो आणि त्याच्या नावाची पावती, एवढं लागणारच. बिनपावतीचं पोतं आत दिसलं तर नोंदणी विसरा. सोमवारी परत येते म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

बाकी गावानं मुकाट्यानं फोटो दिले. अडला तो इरप्पा.

इरप्पाच्या घरी पूर्वी मेंढरं होती. मेंढरं घेऊन तो आळंदच्या अंगाला निघाला की महिनोन्‌महिने गावात नसायचा. घरची ज्वारी श्रीपतरावांच्या कोपऱ्यात. त्याची बायको म्हाळसा लागेल तशी येऊन घेऊन जायची. किती नेली हे तिनं सांगितलं नाही, श्रीपतरावांनी विचारलं नाही. पुढं मेंढरं गेली, म्हाळसाही गेली. इरप्पा शेती बघू लागला, पण ज्वारीचा कोपरा तोच राहिला. आणि अशा माणसाला शिवशंकर सरळ म्हणाला, "इरप्पाकाका, आधार कार्ड आणा, एक फोटो आणा." पोराचं काही चुकलं नव्हतं म्हणा. इरप्पा उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाच्या दारात टेम्पो उभा. शेजारी इरप्पा.

"माझी ज्वारी काढ, अण्णा. घेऊन जायलोय."

श्रीपतराव दारात आडवे आले. "कामून रे?"

"मी कोण हाय, हे तुझ्या घरात आता कार्डावर बघायलेत. मग ऱ्हायलं काय?"

श्रीपतरावांना सगळ्यांचा राग आला. सरकारचा, मॅडमचा, स्वतःच्या लेकाचा. जाऊ दे ती नोंदणी, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. बोलले असते तर इरप्पा तिथंच चहाला बसला असता आणि विषय मिटला असता. पण तेवढ्यात शिवशंकर आत गेला, टेम्पोत काय भरायचं ते बघायला. कोपऱ्यातल्या ज्वारीच्या दोन्ही थप्प्यांसमोर उभा राहिला आणि वळून बापाला म्हणाला, "बाबा, यातली इरप्पाकाकांची कंची?"

श्रीपतराव बघतच राहिले. मग त्यांनी इरप्पाचा हात धरून त्याला ओट्यावर बसवलं.

"ऐकलास का? माझं पोरगं गुणाचं हाय. पर माझ्या डोक्यातलं त्याला कसं दिसंल? उद्या मी गेलो तर ही ज्वारी तुझी हाय, हे कोण सांगंल?"

"असं वंगाळ बोलू नगंस."

"बोलू दे. मी हाय तवर तुला कागद लागत न्हाई रे. तुला कोण कागद मागंल? माझ्या माघारी लागंल, म्हणून घे." एवढं बोलून त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं.

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. इरप्पानं त्याला हातानंच जा म्हणून सांगितलं. मग इरप्पानं शिवशंकरला हाक मारली.

"पावती कर बाबा. पर माझ्या नावानं नगं. आमच्या सुनंच्या, तुळजाच्या नावानं कर."

"तुमच्या नावानं कामून नको, काका?"

इरप्पानं श्रीपतरावांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"अण्णा माझ्यापरीस दोनच वर्सांनी मोठा हाय."