मावशीचा अंगठा

चिंचवाली मावशी चाळीस वर्षं चिंचेतले चिंचोके काढून, गराला मीठ चोळून त्याचे गोळे वळत होती. प्रत्येक गोळा शेवटी अंगठ्याने दाबायचा, ही तिची पद्धत. आंबटाने बोटांची सालपटं निघत गेली.

पेन्शनच्या कचेरीत मशीनने तिचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला.

"हात धुऊन या, मावशी," कारकून खेकसला. "अंगठ्यावर एक रेष नाही! तुम्ही त्याच कशावरून?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याच्या नाकासमोर अंगठा नाचवला.

"रेषा कुठे गेल्या विचारतोस? तुझी आई दरवर्षी माझ्याकडूनच चिंच नेते. लहानपणापासून त्याच खात आलायस, मेल्या!"