रुमालाखालचे शेअर

आमच्या आबांना बैलातलं फार कळतं, असं सगळं गाव म्हणायचं आणि आबा ते कधी खोडून काढायचे नाहीत. सेनगावच्या बाजारात ते बैलाचे दात बघत, चालवून बघत आणि विकणाऱ्याला पहिल्यांदा विचारत, "काहून विकून राहिला?"

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. हिंगोलीकडच्या एका कापसाच्या जिनिंग कंपनीचे शेअर विकायला दलाल आला, तो आधी आमच्याच ओट्यावर. आबांनी घेतलं की गाव घेई. मायनं आतून विचारलं, "शेर? कशाचे, तुपाचे?" आबा तिच्या अडाणीपणावर मनसोक्त हसले. मग स्वतः त्यांनी काय तपासलं? कंपनीवर कर्ज किती, मागच्या साली नफा वाटला का, एका अक्षरानं विचारलं नाही. काहून विकून राहिला, हेसुद्धा नाही. धुराड्यातून धूर निघतो ना, एवढं हिंगोलीला जाऊन बघून आले. धूर निघत होता. कंपनीची तब्येत ठणठणीत ठरली.

दलाल वस्ताद होता. बैलबाजारातल्यासारखा त्यानं हातावर रुमाल टाकला आणि खाली आबांची बोटं दाबून भाव सांगितला. छापील किमतीच्या निम्मा! "फक्त तुमच्यासाठी, बराबर?" रुमालाखालचा भाव फोडायचा नाही हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून आबांनी तो मायलाही सांगितला नाही. मायची दुभती म्हैस विकली आणि सगळ्या पैशांचे दहा शेअर आणले, एवढंच तिला कळलं. धाकट्या बहिणीला त्या दुधाचाच आधार होता. ती रात्रंदिवस किरकिरायची आणि मला आबांचा भयंकर राग यायचा.

वर्षाच्या आत जिनिंगला टाळं लागलं. आता लपवायचं काय, म्हणून आमच्या ओट्यावर जमलेल्यांनी आपापला भाव सांगून टाकला. निम्म्या गावाला 'फक्त तुमच्यासाठी' शेअर मिळाले होते. जो जितका उशिरा घेणारा, त्याला तितका कमी भाव. म्हणजे कंपनी केव्हाची घसरून राहिली होती आणि आमचं शहाणं गाव ते रुमालाखाली जपून ठेवत होतं.

मग सगळे आबांकडे बघू लागले. बैलातलं कळणाऱ्या माणसानं सगळ्यांत महाग घेतलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

"मला तर पाव किमतीत पडले," आबा घसा खाकरून म्हणाले. लोकांनी कौतुकानं माना डोलावल्या.

माय लेकराला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"इतके स्वस्त व्हय?" ती म्हणाली. "मग माझ्या म्हशीचे उरलेले पैसे कुठं हायत?"