वाकडी शिलाई

“मास्तर, शिलाई वाकडी हाय,” असं म्हणून मावशी कपडा माझ्या मशीनवर टाकायच्या. कापड आदळल्याचाही आवाज होतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

शेवगावात माझं शिंप्याचं दुकान आहे. मावशी दाराशी उजेडाला बसून काज-बटण आणि तुरपाई करायच्या. एकट्या राहायच्या, त्यांचं सगळं त्या सुईवर चालायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दुकानात आल्या, तेव्हा आधी मला निरखून म्हणाल्या, “तुमी लई म्हातारे झालात की.” मग एका दमात सुई ओवली. वर्षातून एकदा डोळे तपासून घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. “लख्ख दिसतंय, कशाला जायाचं?” मलाही ते पटलं. लग्नसराई होती.

पाच-सहा वर्षं बरी गेली. मग मावशींना माझ्या शिलाया वाकड्या दिसायला लागल्या. मी पट्टी लावून पाहिली, शिलाई सरळ होती. पण त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे दुपार वाया. मी म्हणायचो, “हो मावशी, जरा गेलीय खरी,” आणि त्या वळल्या की तोच कपडा घडी घालून गिऱ्हाइकाला द्यायचो. गिऱ्हाईक आणि मी, आम्ही दोघं हसायचो. तुम्हीही कधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाची अशीच समजूत काढली असेल.

वर्षभर हे चाललं. एक दिवस काज पाडताना त्यांनी शर्टाची अख्खी पट्टी कापली. “मदी काळं दिसतंय, मास्तर. मोतीबिंदू परत आला.”

मी त्यांना नगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, “आजी, डोळ्याचा मागचा पडदा खराब झालाय.”

“मंग काढा की. मागं एक काढलाच हुता.”

“तो मोतीबिंदू. हा पडदा काढायचा नसतो. यानंच दिसतं.”

ऑपरेशनमुळं झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, हे वयानं होतं, ऑपरेशनचा त्यात किती हात ते खात्रीनं सांगता येत नाही. पण त्यांना वेळेवर आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन नजर राखायचा प्रयत्न करता आला असता. मग त्यांनी विचारलं, “सरळ रेघा वाकड्या कधीपासून दिसतात?”

“मला न्हाई दिसत वाकड्या. ह्यांची शिलाईच वाकडी असती, वरीस झालं. इचारा त्यांना, सोता कबूल करत्यात.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता मावशींना कडेचं दिसतं, समोरचं नाही. सोनईला दिलेली त्यांची लेक त्यांना तिकडे घेऊन गेली. जाण्याआधी त्या दुकानात आल्या. मशीनवरचा कपडा चाचपून हातात घेतला आणि शिलाईवरून सावकाश अंगठा फिरवला.

“सरळ हाय की ही, मास्तर.”

“हो, मावशी.”

“आन् त्या वर्साभराच्या?”

मी तो कपडा त्यांच्या हातातून घेऊन घडी घातली. त्यांना माझं तोंड दिसत नव्हतं, आणि त्याचं मला बरं वाटलं.