पेणच्या हातची भुतं

आसावरी पेणची. पेण म्हटलं की गणपती, आणि तिच्या माहेरी तर माणसं कमी नि गणपती जास्त. आषाढ लागला की जेवायला बसायलासुद्धा मूर्ती सरकवून जागा करावी लागे. मूर्ती घासणं, मुकुटाचा सोनेरी रंग, शेल्याचे काठ, सगळं तिने केलं. डोळे मात्र कधीच नाही. डोळ्यांची आखणी वडिलांची, म्हणजे आबांची, आणि त्यांच्या हाताखाली तिच्या धाकट्या भावाची, एकनाथची. पोरगी लग्न होऊन जाणार, तिला डोळे शिकवून काय उपयोग, असं घरात सगळ्यांना अगदी सहज वाटायचं. एकनाथने आखलेल्या प्रत्येक डोळ्यामागे त्याला आबांची बोलणी बसत. आसावरीच्या कामाकडे मात्र ते एकदा बघत, "छान" म्हणत आणि पुढच्या मूर्तीकडे वळत. त्या "छान"चा तिला इतका राग यायचा की विचारू नका.

लग्नानंतर ती सिद्धेशबरोबर अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी आली. सिद्धेश गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. हिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून हिने ओव्हनशी मैत्री केली. हळूहळू हात असा बसला की अपार्टमेंटमध्ये वाढदिवस कुणाचाही असो, बिनअंड्याचा केक आसावरीचाच. दिवस मजेत चालले होते. फक्त गणपती जवळ आले की तिची बोटं उगाच शिवशिवायची.

२००६ सालच्या ऑक्टोबरात, त्यांच्या लेकीने, दुसरीतल्या अनिकाने, आईला न विचारता वर्गात जाहीर करून टाकलं, की हॅलोवीनच्या पार्टीला माझी आई सगळ्यात भीतीदायक भुतं करून आणणार.

"अगं, मला विचारायचंस तरी!"

"बट यू कॅन मेक एनिथिंग, आई," अनिका म्हणाली.

रविवारी दुपारी कामाला सुरुवात झाली. आसावरीने पफ पेस्ट्रीची भुतं कापली, आत लाल भोपळ्याचं गुळातलं सारण भरलं, घारग्यांना करतात तसंच. भाजून झाल्यावर वर पांढरंशुभ्र आयसिंग. आता राहिले डोळे. बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि तिचा हात थांबला. इथे विचारायला आबा नव्हते, हसायला एकनाथ नव्हता. आपल्याला हे येतं की नाही, हे या वयापर्यंत तिला ठाऊकच नव्हतं. छातीत धडधडत होतं, तेही भोपळ्याच्या भुतापुढे! मग तिने पहिली रेघ ओढली, आणि पहिल्या ट्रेमधली भुतं कधी संपली ते तिला कळलंच नाही.

अनिका धावत आली आणि ट्रेपाशी थबकली. "आई! दे लुक लाइक बाप्पा!"

आसावरीने जरा मागे होऊन पाहिलं. खरंच की. किंचित मिटलेल्या पापण्या, कडेला करुणा, आणि कुठूनही पाहिलं तरी आपल्याचकडे बघणारी नजर. ट्रेभर भुतं बसली होती आणि सगळी आशीर्वाद देत होती. सिद्धेशने एक उचललं, तोंडापर्यंत नेलं आणि परत ठेवलं. "हे माझ्याकडे बघतंय यार. खाऊ कसं?" शेजारच्या वसुधाकाकू साखर मागायला आल्या होत्या. त्यांनी तर ट्रे पाहून दारातच चपला काढल्या, हात जोडले, आणि मग विचारलं, "हे काय आहे गं?"

अनिकाचे डोळे भरून आले. "दे आर नॉट स्केअरी. एव्हरीवन विल लाफ."

आसावरीला हसू येत होतं, पण पोरीचं तोंड पाहून ते पळालं. ओट्यावर दुसरा ट्रे अजून कोरा होता. तिने डोळे मिटून नवरात्रातली देवी आठवली, आणि देवीच्या पायाखालचा महिषासुर. देव आपल्याकडे बघतो, राक्षस कुणाकडेच बघत नाही. तिने गोल वाटोळे डोळे काढले, मधे एवढंसं बुबुळ, चहूबाजूंनी नुसतं पांढरं. पहिलंच भूत पुरं होताच अनिका एक पाऊल मागे सरली.

"ओके," ती हळूच म्हणाली. "दॅट वन इज स्केअरी."

मंगळवारी वर्गात किंचाळ्या फुटल्या आणि पाठोपाठ भुतांचा फडशा पडला. अनिका घरी आली ती नाचतच. बाप्पाच्या डोळ्यांची भुतं सिद्धेशने ऑफिसात नेली. तिथल्या अमेरिकन मंडळींनी कुणाच्याही नजरेची पर्वा न करता ती चहा-कॉफीबरोबर मिटक्या मारत संपवली.

दोन्ही ट्रेंचे फोटो आसावरीने एकनाथला मेल केले होते. गंमत म्हणून, असं तिने लिहिलं खरं, पण रोज उठून आधी उत्तर आलं का ते बघत होती. आबा काय म्हणतील? पुन्हा "छान"?

शनिवारी सकाळी फोन आला. एकनाथ काही बोलायच्या आत आबांनीच रिसीव्हर घेतला असावा.

"राक्षस ठीक आहेत," ते म्हणाले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "पण त्या बाप्पाच्या डोळ्यांच्या फोटोत, पुढच्या रांगेतला कडेचा. डाव्या डोळ्याची खालची रेघ. मधे हात उचललास."

"हो, आबा."

"उचलायचा नाही. श्वास धरायचा आणि एका दमात ओढायची. किती वेळा सांगायचं तुला?"

आबांनी तिला हे आजवर एकदाही सांगितलं नव्हतं.

"चुकलं, आबा," ती म्हणाली, आणि ओट्याशी उभी राहून घळाघळा रडायला लागली. सिद्धेश घाबरून धावत आला. पेणला कुणाचं काही बरंवाईट झालं, अशीच त्याची समजूत झाली. आसावरीने रिसीव्हरवर हात ठेवला, डोळे पुसले आणि लहान पोरीसारखी हसत त्याला म्हणाली, "आबा ओरडले मला!"