एकोणीस नोव्हेंबरचा रकाना

माझा धाकटा भाऊ रिंक आमच्या स्नेक गावाजवळच्या कालव्यावर बोटींसाठी पूल उघडायचं आणि मिटायचं काम करतो. वय चौपन्न. लग्न केलं नाही. जिवाभावाचा मित्र एकच, शाळेपासूनचा येले. पूर्वी दोघं हाकही न मारता मागच्या दाराने एकमेकांच्या स्वयंपाकघरात शिरायचे. मग येलेला बायको आली, मुलं झाली, पाठदुखी लागली, गायनमंडळ लागलं. भांडण कधीच झालं नाही. झालं असतं तर बरं, मिटवता तरी आलं असतं.

आता डायऱ्या उघडून भेट ठरते. यंदा सात आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. रिंक सांगितल्या वेळेला गेला, कॉफी प्यायला, एक बिस्किट खाल्लं आणि संडासात गेला. वाढदिवसांचं कॅलेंडर आम्हा डच लोकांकडे तिथेच टांगलेलं असतं, आपल्या माणसांची नावं लिहिलेलं, वर्षानुवर्षं तेच. येलेचं जुनं फाटलं म्हणून त्याच्या बायकोने, हानेकेने, नवं उतरवून काढलं होतं. एकोणीस नोव्हेंबरचा, रिंकच्या वाढदिवसाचा रकाना कोरा. दातांच्या डॉक्टरीणबाईंचं नाव मात्र होतं! गेली दोन वर्षं वाढदिवसाला येलेचा फोन का आला नाही, ते रिंकला तिथे उभ्या उभ्या कळलं.

संध्याकाळी माझ्याकडे येऊन त्याने हे सांगितलं.

"मग?"

"खिशात पेन होतं. लिहिलं माझं नाव. हानेकेच्या अक्षरासारखं."

"अरे गाढवा! तोंडाने सांगायचंस की!"

"काय सांगू? मला विसरू नका म्हणून?"

मला भयंकर राग आला. कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

एकोणीसला मी केक घेऊन गेले. पाहुणी मी एकटीच. साडेदहाला फोन वाजला. येलेचा आवाज मुळातच मोठा, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हाताऱ्या! शुभेच्छा! बघ, तुझा वाढदिवस मी विसरतो का कधी?"

रिंक खिडकीकडे वळला. "नाही रे. कधीच नाही."

"भेटू या एकदा. थांब, डायरी बघतो. जानेवारीचा शेवट चालेल?"

"चालेल की."

फोन ठेवून तो माझ्याकडे बघून हसला. "आला ना फोन?" म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.