संवाद नसलेला प्रसंग

यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की मला कडोदऱ्याच्या कारखान्यातली ती सकाळ आठवते. सुरतेतली बातमीदाराची नोकरी सोडून मी टीव्ही मालिका लिहायला घेतली होती, आणि पहिल्या भागाचं चित्रीकरण, मला पदवीपर्यंत शिकवणारे माझे वडील ज्या शेडमध्ये माग चालवत, तिथेच होतं. मुलगी कॉलेजात पास झाल्याचं आई विणकर बापाला सांगते, असा प्रसंग मी एकही संवाद न घालता लिहिला होता. चालू मागांच्या खडखडाटात कुणालाच काही ऐकू येत नाही. तिथे माणसं हातांनीच बोलतात. निर्माते चिडले. "मॅडम, लोकांना रडवायचंय. बापाला चार वाक्यं द्या, नाहीतर दुसरा लेखक आणतो." मी म्हटलं, "सर, माग चालू करू या, मग तुम्हीच ती वाक्यं म्हणून दाखवा." माग सुरू झाले. ते ओरडले, पण आम्हाला फक्त हलणारे ओठ दिसले. पलीकडच्या मागावर उभ्या असलेल्या माझ्या वडिलांनी तळहातावर बोटाने लिहिल्यासारखं केलं, मग तो तळहात पुसला आणि भुवया उंचावल्या. मी मान हलवली. माग थांबल्यावर निर्मात्यांनी विचारलं, "काय म्हणाले ते?" "लिहिलेलं खोडणार का, असं विचारत होते." "मग?" "नाही म्हटलं." ती मालिका माझ्या हातून गेली. आज मी स्वतः निर्माती आहे. तो प्रसंग आम्ही परवा त्याच शेडमध्ये चित्रित केला, सगळे माग चालू ठेवून.